हटो भई, गरम पानी

मोरीत उकळतं पाणी ओतण्याआधी तुम्ही कुणाला बाजूला व्हायला सांगता का?

मी सांगत नाही. तसं सांगणाऱ्या एकच बाई माझ्या ओळखीत होत्या, नसीम आपा. इंदूरला पोलोग्राउंडच्या एका गाळ्यात त्यांचं बाइंडिंगचं काम होतं. कागद चिकटवायची खळ शिजवून झाली की पातेलं विसळायला उकळतं पाणी लागतं. ते मोरीत ओतण्याआधी आपा दर वेळी थांबायच्या, जाळीकडे वाकायच्या आणि शेजारणीला सांगावं तशा म्हणायच्या, "हटो भई, गरम पानी." मोरीत जिन बसलेले असतात, त्यांना पोरंबाळं असतात, नकळत कुणी भाजायला नको, म्हणून. आपा अठरा दिवसांपूर्वी गेल्या. इथून पुढे मी त्यांच्याशी बोलणार आहे. तुम्ही ऐका.

आपा, तुमचा जन्म कुठला, शिकलात किती, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि इतरांना त्याचा उपयोग नाही.

तुमच्या गाळ्यात मी पहिल्यांदा आले ती बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून. मागच्या सीटवर पत्रकांचे गठ्ठे बांधलेले होते. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. नोकरीतून उरलेल्या वेळात बाबा बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायचे, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. माझा 'क' कमळाचा नव्हता, करणीचा होता. पत्रकं छापखान्यातून मोकळी यायची आणि घड्या घालायला तुमच्याकडे जायची. मिलच्या चाळीत आमच्या मराठी लोकांत वाढल्यामुळे तुम्ही मराठी बोलायच्या, पण "मी गेली, मी केली" अशी, आणि अर्ध्या वाक्यात हिंदीत शिरायच्या.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या हातात हाडाची पट्टी दिलीत. कागद दुमडायचा, कडेवरून पट्टी एकदाच ओढायची.

"एक ओढ. दोन नाही," तुम्ही म्हणालात. "आणि दुसरी बात, वाचायचं नाही. वाचलं की हात थांबतो. हात थांबला की घडी तिरकी."

"हे कशाचं हाड आहे?"

"बैलाचं. जिन लोकांची रोटी आहे ती. आपण खाऊन टाकलेल्या हाडावर त्यांच्यासाठी परत मांस येतं, असं बडे लोग सांगतात."

"मग ते तुमची पट्टी खातील."

"खाऊ दे ना. गठ्ठे तरी उचलतील."

मी नऊ वर्षांची होते. मी बजावून सांगितलं की भुतं नसतात, बाबा म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत. "बरोबर म्हणाले. मेलेला माणूस परत येत नाही, आमच्यात पण हेच. जिनाची बात वेगळी." आणि पट्टी न थांबवता समजावलंत. माणूस मातीचा. फरिश्ते, म्हणजे देवदूत, नूरचे, उजेडाचे. जिन बिनधुराच्या आगीचे आणि माणसाच्या आधीचे. त्यांची लग्नं होतात, मुलं होतात, ते मरतातही. कुणी नमाजी, कुणी बेईमान. जगाच्या शेवटच्या दिवशी आपल्यासारखाच त्यांनाही जाब द्यायचाय.

"म्हणजे मोहल्लाच आहे," मी म्हटलं.

"हां. फक्त वोटर लिस्टमध्ये नाव नाही."

मग तुमच्या आजोबांची गोष्ट. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांपाशी, एक हलवाई होता. पहाटेच्या अजानेआधी त्याच्याकडे पांढऱ्या कपड्यांतले चार जण यायचे आणि परातभर जिलबी उचलून न्यायचे. दिव्यासमोर उभे राहिले तरी चौघांतल्या एकाचीही सावली पडायची नाही. जिनांना गोड फार आवडतं, तुम्ही म्हणालात. मी विचारलं, आणि नमकीन? "इंदूरचे आहेत बेटा. वरून सेव टाकूनच खात असतील."

घरी जाऊन मी हे बाबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, आपा आपल्या आहेत, पण यातलं काही डोक्यात ठेवू नकोस. मी सगळं ठेवलं.

कॉलेजात गेल्यावर मी बुवाबाजीविरुद्धच्या मीटिंगांना जायला लागले, आणि मला इब्लिस आवडायला लागला. ती गोष्टही तुमचीच. देवाने मातीचा माणूस घडवला आणि सगळ्यांना सांगितलं, याच्यापुढे वाका. सगळे वाकले. जिनांपैकी असूनही इबादतीच्या, भक्तीच्या जोरावर फरिश्त्यांत जाऊन बसलेला इब्लिस, तो एकटा ताठ उभा राहिला, आणि तोच पुढे सैतान झाला. मी म्हटलं, "आपा, वरून हुकूम आला आणि एकाने नाही म्हटलं. हा तर आमचा माणूस."

"मग बोलाव ना मीटिंगला."

"खरंच सांगते. का वाकायचं?"

"तो का नाही वाकला, हे विचार आधी. ऊपरवाल्याला मानत नव्हता का? माझ्याहून जास्त मानत होता. तो म्हणाला, मी आगीचा, हा चिखलाचा, मी ह्याच्याहून चांगला. बस, एवढंच बोलला तो." तुम्ही कागद उलटा केलात. "तुझ्या मीटिंगमध्ये असं कोणी बोलत नाही का?"

मी लगेच दुसरा प्रश्न काढला. रमजानच्या महिन्यात सैतानाला साखळ्या पडतात ना, मग रमजानमध्ये चोऱ्या कशा होतात? बाबांच्या एका पत्रकात हा प्रश्न छापला होता आणि मला तो बिनतोड वाटायचा.

"तेच तर बघायचं असतं," तुम्ही म्हणालात. "तो बांधलेला असताना जे होतं, ते कुणाचं?"

हे सगळं मजेत चाललं होतं, मी नोकरीला लागल्यावरही, मेहरला आकडी येईपर्यंत.

मेहर शाहीनची मुलगी, आणि शाहीन तुमच्याकडे घड्या घालणारी. मेहर तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळा सुटली की गाळ्यात यायची आणि गठ्ठ्यांवर बसून गृहपाठ करायची. त्या दिवशी ती गठ्ठ्यांवरूनच खाली आली. तुम्ही तिला कुशीवर वळवलंत, डोक्याखाली ओढणी सारलीत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलात. शाहीन तिच्या दातांत चमचा घालायला धावली, तर तुम्ही तिचा हात धरून ठेवलात. "दो मिनट," तुम्ही नंतर म्हणालात. "डॉक्टर पूछेगा."

डॉक्टरने विचारलं नाही, कारण शाहीनचा नवरा मुलीला आमिलाकडे घेऊन गेला. आमिल म्हणजे जिन उतरवून देतो असं सांगणारा माणूस. त्याने ताईत बांधला. नाल्याकाठच्या कडुलिंबावरचा जिन या मुलीवर आशिक झालाय, असं निदान केलं. डॉक्टरची गोळी दिली तर तो चिडेल, असं बजावलं. अकरा वर्षांच्या मुलीबद्दल एक मोठा माणूस हे बोलला. त्या वाक्याने माझं डोकं तापलं आणि ते अजून निवलेलं नाही. निवू नये, असंच माझं मत आहे.

तुम्हीही तापला होतात, पण वेगळ्या कारणाने. "जिनाला हुकूम करणारा हा कोण? पैगंबर सुलेमान करायचे. त्यांच्यानंतर ही ताकद कुणाला दिली नाही. हा काय दुसरा सुलेमान आला?"

आणि तुम्ही कामाला लागलात. जिन नसतो, असं तुम्ही शाहीनला एकदाही म्हटलं नाही. तुम्ही म्हणायच्या, "असेल. आगीचा आहे तो, एवढ्याशा गोळीला काय घाबरतो? आणि नसेल, तर गोळी पोरीला लागेल." हे तीन आठवडे, रोज थोडं, घड्या घालता घालता. शेवटी शाहीन हो म्हणाली. येत्या बुधवारी सरकारी दवाखान्यात जायचं ठरलं, नवऱ्याला न सांगता.

हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. बाबांसारखं मीही आता पत्रक लिहीत होते.

पत्रक हिंदीत होतं. मथळा, 'जिन नाम का झूठ'. आकडी म्हणजे काय ते त्यात नीट दिलेलं होतं, उपचार आहेत हेही दिलेलं होतं. आणि सुरुवातीला उदाहरण होतं: पोलोग्राउंडमध्ये काम करणारी एक जाहिल आई आणि तिची अकरा वर्षांची मुलगी. जाहिल म्हणजे अडाणी, गावंढळ. नाव घातलं नव्हतं. नाव घातलं नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं.

मंगळवारी सकाळी गठ्ठे तुमच्या दारात ठेवून मी ऑफिसला गेले. तुम्ही वाचलं नाहीत, तुमचा नियम होता. दुपारपर्यंत तुम्ही आणि शाहीन घड्या घालत होतात, समोरासमोर बसून. तुमचा नियम शाहीनही पाळत होती. शेवटचा गठ्ठा राहिला तेव्हा तिचा हात थांबला. तिने एक मोकळा कागद उचलून दाराच्या उजेडात धरला. सकाळपासून शेकडो वेळा तिची स्वतःची मुलगी तिच्या पट्टीखालून गेली होती.

पुढचं तुम्ही नंतर सांगितलंत. पट्टी जागेवर ठेवली, ओढणी घेतली आणि गेली. बुधवारी दवाखान्यात तुम्ही एकट्याच उभ्या होतात.

मी गुरुवारी आले. तो शेवटचा गठ्ठा तुम्ही तसाच ठेवला होता.

"यात खोटं काय आहे, आपा?"

"काही नाही."

"मग?"

"खोटं असतं तर बरं होतं. तू जाऊन माफी मागितली असती. आता कशाची मागशील? जागाच ठेवली नाही तू."

मी विचारलं, मग त्या आमिलाला मोकळा सोडायचा का.

"कशाला सोडायचा? त्याचं नाव लिही, गल्ली लिही, ठाण्यात चल, मी येते सोबत. पण त्याचं नाव तू लिहिलंच नाही. शाहीनला जाहिल लिहिलं."

खरं होतं. आमिलाचं नाव मी एका वकिलाच्या सांगण्यावरून गाळलं होतं. तो दावा लावू शकला असता. शाहीन लावणार नव्हती.

तुम्ही खळ ढवळत राहिलात. मग म्हणालात, "आणि रमजान चालू आहे, बेटा. सैतानावर पण नाही ढकलता येणार."

पत्रक गल्लीत पोचलं तसं नवऱ्याने शाहीनला आणि मेहरला शहराबाहेर, राऊच्या पुढे आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. ताईत राहिला, गोळी सुरू झाली नाही. तिथे एका सकाळी आकडी आली तेव्हा मेहर चुलीशी बसली होती. डावा हात कोपरापर्यंत भाजला. ही बातमी तुम्ही मला एका वाक्यात सांगितलीत आणि पुढे त्यावर कधी काही बोलला नाहीत. बोलला असतात तर मी वाद घातला असता. तुम्हाला ते माहीत असणार.

तुम्ही दर रविवारी बस पकडून तिकडे जात राहिलात. तिथे जाऊन काय बोलता, असं मी एकदा विचारलं. "काही नाही. पालक निवडली." पाचव्या महिन्यात शाहीन मेहरला घेऊन परत आली. मेहरचा हात भाजल्यावर नवऱ्याचाही जोर ओसरला होता. गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून एका बुधवारी तारीख पडायची आणि तुम्ही गाळा बंद ठेवून दोघींबरोबर दवाखान्यात जायच्या. मेहरच्या दंडावरचा ताईत तुम्ही काढायला लावला नाहीत. त्यावरून माझं तुमच्याशी भांडण झालं. "तो डोकं दुखवत नाही, पोट दुखवत नाही," तुम्ही म्हणालात. "राहू दे. गोळी चालू आहे ना?"

मग तुम्ही मला काम दिलंत. अर्ध्या पानाचं पत्रक. जिन आहे की नाही, काही लिहायचं नाही. आकडी आली तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. घड्याळ बघा. लवकर डॉक्टरकडे न्या. आणि शेवटची ओळ: दुआ करा, गोळी चुकवू नका.

मला सगळं मान्य होतं, एक शब्द सोडून. दुआ मी लिहिणार नव्हते. तुम्ही म्हणालात, त्या शब्दाशिवाय तो कागद शाहीनच्या घरात आत जाणार नाही. मी म्हटलं, त्या शब्दासकट तो माझ्या हातून बाहेर जाणार नाही. आठ महिने आपण या एका शब्दावर भांडलो, चहा पीत, घड्या घालत.

"तुमच्यात चप्पल हुंगवतात," तुम्ही एकदा म्हणालात. "त्याच्यावर काढला का पर्चा कधी?"

नव्हता काढला. आमच्या एका काकूंना फिट यायची. घरचे त्यांच्या नाकाला चप्पल लावायचे, आणि शुद्धीवर आल्या की देवीचं आहे म्हणून ओटी भरायचे. मी लहानपणापासून बघितलेलं. त्यावर लिहायचं मला कधी सुचलं नाही. काकू घरातल्या होत्या.

आणि मग तुम्ही गेलात. सकाळी, गाळा उघडायच्या आधी, हृदय बंद पडून. जनाजा निघाला तेव्हा बायका घरातच थांबल्या, मीही त्यांच्यात बसले. शाहीनने सरकून मला जागा करून दिली. मी रडले नाही. रडायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आठवडाभराने मी गाळ्यात गेले. शाहीनने गाळा उघडला होता आणि एकटीच लग्नपत्रिकांना घड्या घालत होती. मी समोर बसले, तुमची पट्टी घेतली. अर्धा गठ्ठा झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बुध को तारीख है. आपा आती थीं."

"मैं आ जाऊँ?"

"तुम बहुत बोलोगी."

"नहीं बोलूँगी."

"पर्चे भी नहीं बाँटोगी, वहाँ लाइन में?"

"नहीं."

तिने हातातली घडी पुरी केली. "साढ़े सात बजे आ जाना. लाइन लंबी लगती है."

दवाखान्याच्या बाकावर आम्ही तीन तास बसलो. मेहर मध्ये. तिच्या डाव्या हाताची कातडी कागदासारखी सुरकुतलेली आहे, ते मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. दुसऱ्या तासाला तिने विचारलं, "दीदी, आपको सच में लगता है जिन नहीं होते?"

शाहीन समोरच्या भिंतीकडे बघत होती, पण ऐकत होती. आपा, माझ्याकडे दोन तयार उत्तरं होती. एक बाबांचं, एक तुमचं. मी म्हटलं, "नहीं, मुझे नहीं लगता. आपा को लगता था. और तुझे यहाँ वही लेकर आईं."

मेहरने यावर विचार केला. "आपा कहती थीं, वो लोग भी डॉक्टर के पास जाते होंगे. उनकी अलग लाइन होगी."

"इससे लंबी होगी," शाहीन म्हणाली.

तुम्ही गेल्यानंतर ती त्या वेळी पहिल्यांदा हसली. मीही हसले. पुढचा एक तास मी तोंड उघडलं नाही. इतका वेळ मी आयुष्यात कधी गप्प बसलेली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, शेवटची आकडी कधी आली. चार महिने झाले, शाहीनने सांगितलं. गोळी तीच ठेवली. पुढची तारीख दिली.

परत येऊन शाहीनने खळ केली. पातेलं विसळायचं पाणी उकळलं तेव्हा मी ते उचलून मोरीशी गेले. मी काही म्हटलं नाही, आपा. मोरीत कुणी बसलेलं नसतं, हे मला माहीत आहे. पण मी थांबले. मागून शाहीनने हाक दिली, "हटो भई, गरम पानी." तिची हाक पुरी होईपर्यंत मी पाणी ओतलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. त्या पत्रकात खोटं काही नाही, असं तुम्ही म्हणाला होतात, आणि त्या आधारावर मी वर्षभर मान ताठ ठेवून फिरले. परवा मी ते पुन्हा वाचलं, घडी उलगडून, सावकाश. त्यात खोटं आहे. 'जाहिल' हे खोटं आहे. नवरा, आमिल आणि सगळी गल्ली एका बाजूला असताना जी बाई तीन आठवडे ऐकून, तोलून डॉक्टरकडे जायला तयार झाली, तिला अडाणी म्हणणं खोटं आहे. ते तुमच्याही नजरेतून सुटलं. माफीची जागा तिथे होती, एका शब्दाएवढी. शाहीनची माफी मी इथे मागते आहे, आणि जसा तो शब्द हिंदीत छापला तशी माफीही हिंदीत छापणार आहे. त्या कागदाच्या घड्या मी एकटी घालीन.

अर्ध्या पानाचं पत्रकही लिहून झालंय. दुआ हा शब्द मी लिहिलेला नाही. शेवटच्या ओळीत 'गोळी चुकवू नका' याच्या आधी मी जागा मोकळी सोडली आहे. ज्याला जे लिहायचं ते त्याने लिहावं. पहिली प्रत शाहीनने घेतली आणि पेन मागितलं. तिने काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

आता तुम्ही, जे इथपर्यंत ऐकत आलात. तुमच्या ओळखीत एक तरी घर असेल, जिथे आकडीला जिन म्हणतात, किंवा देवीचं म्हणतात, बाहेरचं म्हणतात, किंवा काहीच न म्हणता लपवतात. या आठवड्यात त्या घरी जा. जिनावरचा वाद दारातच ठेवा. तो पळून जात नाही. डॉक्टरची तारीख कधी आहे, एवढंच विचारा. तारीख घेतलेलीच नसेल तर घ्यायला बरोबर जा. आणि त्या दिवशी वेळेवर पोचून बाकावर त्यांच्या शेजारी बसा. त्यांचा नंबर लागेपर्यंत उठू नका.